द्राक्षबागेंतील मोरचूद व त्याचा हिशेब

कवठे महांकाळ तालुक्यांत पाऊस तोकडा; तरीहि येथील बागाइतदारांनीं द्राक्षाची व बेदाण्याची कीर्ति दूरवर नेली आहे. या बागांस केवडा रोगापासून वांचविणारें जुनें व खात्रीचें औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्यें प्रो. मिलार्दे यांनीं 1885 सालीं मोरचूद व चुना यांचें हें मिश्रण प्रसिद्धीस आणलें. रोग आटोक्यांत येतो तो त्यांतील तांब्यामुळें. परंतु काम झाल्यावर तें तांबें कोठें जातें, याचा विचार आपण क्वचितच करतों.

द्राक्षाच्या सालींत व बियांत अँटिऑक्सिडंट द्रव्यें असतात व तीं जड धातूंस बांधून ठेवितात, हें खरें आहे. हिरड्याच्या काढ्यांत लोखंड पडलें कीं काळी शाई होते. तो काळा रंग म्हणजे टॅनिन व लोह यांची गांठच होय. डोळ्यांस न दिसणाऱ्या अशा गांठी शास्त्रज्ञ वर्णपटमापकानें पाहतात. द्रवांतून प्रकाश सोडला असतां त्यांतील कोणत्या लहरी शोषल्या गेल्या, हें तें यंत्र दाखवितें. द्राक्षाच्या सालींतील क्वेर्सेटिन हें द्रव्य 370 नॅनोमीटरच्या सुमारास प्रकाश शोषितें. त्यास धातु जोडला गेला कीं ही खूण 400 च्या पुढें सरकते.

परंतु बांधलेला धातु नाहींसा झालेला नसतो. चोरास बेडी पडली म्हणजे चोर गांवांतून गेला असें होत नाहीं. तांबें कुजत नाहीं कीं उडून जात नाहीं. तें जमिनींत सांचत राहतें. साधारणतः चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतें, सालीवरील तांबें मात्र, धुण्यांत जाईल तें वगळतां, मागें उरतें आणि किलोमागें त्याचें प्रमाण चौपट होतें. पिकास व माणसास तांबें अल्प प्रमाणांत लागतें. अतिरेक मात्र दोघांसहि बाधतो.

आतां हिशेब पाहूं. मोरचुदांत सुमारें चौथा हिस्सा तांबें असतें. एकरीं 400 लिटर एक टक्का मिश्रण फवारलें तर 4 किलो मोरचूद, म्हणजे 1 किलो तांबें बागेंत पडतें. हेक्टरीं अडीच किलो. युरोपीय संघानें 2019 सालीं सात वर्षांस हेक्टरीं 28 किलो, म्हणजे सरासरीनें वर्षास 4 किलो, अशी मर्यादा घातली. अशा दोनच फवारण्यांत ती सरासरी ओलांडली जाते.

हें मोजण्याचें साधनहि प्रकाशच आहे. ॲलन वॉल्श यांनीं 1955 सालीं मांडलेल्या पद्धतींत नमुना ज्वालेंत सोडतात. त्यांतील तांब्याचे अणु 324.8 नॅनोमीटरचा प्रकाश जितका शोषितील, त्यावरून तांब्याचें प्रमाण कळतें. म्हणून बागाइतदार बंधूंस आमची विनंति अशी कीं, माती तपासावयास देतांना तांब्याचीहि तपासणी मागावी. प्रत्येक फवारणीचा मोरचूद वहींत मांडावा. आणि वेलींत वारा व ऊन खेळेल अशी छाटणी करून, हवामान पाहूनच फवारावें. रोगाच्या भयानें टाकलेला जादा मोरचूद परत उचलतां येत नाहीं; जमीन मात्र मुलाबाळांस द्यावयाची आहे.