अमेरिकेत पिकअपला फिरतं घर जोडण्याआधी ड्रायव्हरचं दार का उघडून बघतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेच्या हायवेवर एक दृश्य हमखास दिसतं. पुढे पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेलं पांढरं, चौकोनी, खिडक्यांचं घर. आत पलंग, गॅस, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं. याला तिथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं, त्यामुळे ओढायला दणकट गाडी लागते आणि पहिली पसंती पिकअपला मिळते.

गंमत म्हणजे तीन-साडेतीन टनांचं हे घर मागे जोडून निघायला बहुतेक राज्यांत वेगळं लायसन्स लागत नाही. कारचं साधं लायसन्स चालतं. त्यामुळे कोणत्या गाडीला किती ओझं झेपेल, हे गणित घरच्याच माणसाला करावं लागतं. आणि बऱ्याचदा ते चुकीच्या आकड्यापासून सुरू होतं.

हा आकडा म्हणजे जाहिरातीतली टोइंग कपॅसिटी, म्हणजेच गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते ते. उदाहरणार्थ, फोर्ड एफ-१५० च्या २०२१ च्या मॉडेलसाठी कंपनीने हा आकडा १४,००० पाउंडांपर्यंत सांगितला होता. म्हणजे जवळपास ६,३५० किलो. मग ३,२०० किलोचा ट्रेलर म्हणजे किरकोळच की, असं कुणालाही वाटेल.

आकडा खोटा नसतो, पण...

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवायची. नंतर एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं प्रमाण ठरवलं. टोयोटाने ते सगळ्यात आधी, २०११ च्या मॉडेलपासून वापरलं आणि बाकीच्या कंपन्या मागून आल्या. यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावर बेतलेली आहे. कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, साधारण १८ किलोमीटरचा चढ चढायचा आणि नेहमीच्या पिकअपने वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

चाचणी कठीणच आहे. पण तिच्यात हाफ टन पिकअपमध्ये माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी ६८ किलोची. शिवाय जाहिरातीत छापतात तो आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात अनुकूल इंजिन, बॉडी आणि पॅकेजचा. शोरूममध्ये समोर उभी असलेली चार दारांची, लेदर सीटची, सनरूफची गाडी तेवढं ओढेलच असं नाही. तिच्यात सहलीला निघणारी माणसंही दोनच नसतात.

खरा आकडा असतो दारावर

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. तो त्या मॉडेलचा सरसकट आकडा नसून समोरच्या नेमक्या गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, फोर बाय फोर असं काहीही कारखान्यातून जास्तीचं बसून आलं की ते वजन यातूनच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच मॉडेलच्या साध्या गाडीचा पेलोड जास्त आणि महागड्या गाडीचा कमी, असा उलटा प्रकार दिसतो.

आता ट्रेलर तर मागे स्वतःच्या चाकांवर असतो, मग त्याचा पेलोडशी काय संबंध? हे समजायला बैलगाडी डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. दोन चाकांच्या गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या वजनाचा काही भाग पुढच्या दांड्यातून पिकअपच्या मागच्या टोकावर टेकतो. याला टंग वेट म्हणतात आणि ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. हा सगळा भार पेलोडमध्ये धरायचा.

समजा स्टिकरवर पेलोड ६४० किलो आहे आणि गाडीची टोइंग कपॅसिटी ५,००० किलो. ट्रेलर भरून ३,२०० किलोचा. त्याचे १३ टक्के म्हणजे ४१६ किलो टंग वेट. जोडणीचं लोखंडी सामान ४० किलो. आई-वडील मिळून १५० किलो, दोन मुलं ८० किलो. बेरीज ६८६. म्हणजे टोइंग कपॅसिटीतले १,८०० किलो शिल्लक असतानाच पेलोड ४६ किलोने ओलांडला. सायकली, बर्फाची पेटी, जनरेटर आणि घरातलं कुत्रं अजून चढायचंच आहे.

यात ट्रेलरचं वजनही नीट धरावं लागतं. विक्रेता सांगतो ते बहुतेक वेळा कोरं वजन असतं. पाण्याची टाकी १५० लिटरची असेल तर नुसतं पाणीच १५० किलो. त्यावर गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडी, अंथरुणं, किराणा. म्हणून हिशेब करताना ट्रेलरवर छापलेलं जास्तीत जास्त अनुमत वजन धरणं शहाणपणाचं. त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात.

मग मोठाच ट्रक घ्यायचा का?

एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हरॅडो १५०० या वर्गाला अमेरिकेत हाफ टन म्हणतात. त्याच्या वर एफ-२५० किंवा २५०० चा वर्ग आणि त्याच्याही वर एफ-३५० किंवा ३५०० चा. (हाफ टन हे नाव जुन्या काळी गाडी किती ओझं वाहते त्यावरून पडलं. आज त्या गाड्या त्याहून जास्त वाहतात, नाव मात्र तेच राहिलं.) वरच्या वर्गात चौकट, ॲक्सल, ब्रेक सगळंच जाड. पण डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरंच जड असतं आणि ते वजनही पेलोडमधून जातं. त्यामुळे सगळ्या सोयींनी सजवलेल्या डिझेल एफ-२५० चा पेलोड पाहून अनेकांची निराशा होते. इथेही आधी दार उघडून बघायचं.

डोंगराळ भागात जायचं असेल तर मात्र डिझेल किंवा टर्बो इंजिनाला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. इलेक्ट्रिक पिकअप जोर लावण्यात कमी पडत नाहीत, पण ट्रेलर जोडला की एका चार्जिंगमध्ये कापलं जाणारं अंतर साधारण निम्म्यावर येतं. आणि ट्रेलर जोडलेली गाडी लावता येईल अशी चार्जिंगची जागा सापडणं ही वेगळीच डोकेदुखी.

गाडीला काय काय बसवायचं?

सगळ्यात आधी ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे स्वतंत्र ब्रेक असतात आणि ते किती जोरात लागायचे हे कंट्रोलर ठरवतो. कंपनीचं टोइंग पॅकेज घेतलं तर तो बहुधा आतच बसून येतो. सोबत सात पिनांचं कनेक्शन आणि गिअरबॉक्स थंड ठेवणारा कूलरही मिळतो. हे सगळं नंतर बाहेरून बसवण्यापेक्षा पॅकेजवाली गाडी शोधणं सोपं. ट्रेलरची रुंदी आठ-साडेआठ फूट असते, त्यामुळे लांब आरसेही लागतातच.

दुसरी वस्तू म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. मागच्या टोकावर चारशे किलो टेकले की पिकअपचं नाक वर जातं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. या हिचमधल्या पोलादी दांड्या तो भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. अनेक हाफ टन गाड्यांमध्ये ५,००० पाउंडांच्या, म्हणजे साधारण २,२७० किलोंच्या वरच्या ट्रेलरसाठी असा हिच वापरण्याची सूचनाच असते.

काहीजण त्याऐवजी मागच्या सस्पेन्शनमध्ये एअरबॅग बसवून घेतात. गाडी सरळ दिसायला लागते, पण दारावरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. उलट गाडी किती दबली आहे हे डोळ्यांना दिसायचं, तेही बंद होतं.

टंग वेट कमी ठेवून पेलोड वाचवायचा, ही युक्ती तर त्याहून धोक्याची. मागून जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही फिरवतो. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा लागला की याची सुरुवात होते. अशा वेळी पाय ब्रेकवर जाणं साहजिक असतं, पण तेच टाळायचं असतं. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि कंट्रोलरच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे खेचला जाऊन ओळीत येतो.

निघण्याआधी एकदा वजनकाटा

हा सगळा हिशेब खरा की खोटा, हे हायवेवरच्या ट्रक थांब्यावर कळतं. तिथे ट्रकसाठीचे वजनकाटे असतात आणि थोडे पैसे भरून कुणालाही वजन करता येतं. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. आधी ट्रेलर जोडून पण हिचच्या दांड्या सोडून वजन करायचं, मग ट्रेलर बाजूला लावून माणसं-सामानासकट नुसत्या पिकअपचं. पहिल्या वेळच्या पिकअपच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतून दुसऱ्या वेळची बेरीज वजा केली की टंग वेट मिळतं. ते ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या खाली निघालं, तर ट्रेलरच्या शेपटाकडचं सामान पुढे सरकवायचं. पिकअपचा भार स्टिकरच्या वर गेला, तर आधी पाण्याची टाकी रिकामी करतात. पाणी काय, मुक्कामाच्या ठिकाणीही भरता येतं.