'कसा आहे बे?' : सात वर्षांचे व्हिडिओ गेम, सोलापुरातून

२०१८ ते २०२५ या काळात आपल्याकडे व्हिडिओ गेमबद्दल सगळ्यात ठाम मतं मांडली ती गेम न खेळणाऱ्यांनी. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळतात म्हणून कॉलेजच्या पोरांना धरलं. त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात बंदीची याचिका गेली. 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एक आई मुलाची तक्रार सांगू लागली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी तो 'पबजीवाला' आहे का, असं विचारलं आणि सभागृह हसलं. खेळणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही आपलं मत कधी एका वाक्यापुढे नेलं नाही. सोलापुरात नवा गेम आला की प्रश्न ठरलेला, "कसा आहे बे?" उत्तरही ठरलेलं, "लै भारी," नाहीतर "बंडल." शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं परीक्षण शनिवार-रविवारी छापून येतं, दोन अंकी नाटकावर अर्धं पान मिळतं, आणि ज्या गोष्टीत गावातली निम्मी तरुण पोरं रोज तास-दोन तास घालवतात तिच्यावर बरं-वाईट चार ओळीही नसतात. डोळ्यांचे नंबर, बिघडलेला अभ्यास यांवर पुष्कळांनी लिहून झालंय. मी इथे गेमकडे गेम म्हणून बघतोय.

सुरुवात पबजीनेच करायला हवी. मोबाइलवर तो २०१८ च्या मार्चमध्ये आला. जिओमुळे डेटा दीड वर्ष आधीच स्वस्त झालेला होता, दहा-बारा हजारांचा फोन हातात होता, त्यामुळे सोलापूरसारख्या गावात ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता तेही एकदम यात उतरले. गेम म्हणून तो खरंच चांगला होता. शंभर जण विमानातून उड्या मारतात, झोन आवळत जातो आणि शेवटी एक उरतो, एवढीच गोष्ट. पण त्यातली मजा गोळीबारात फार थोडी होती. बराच वेळ माणूस रिकाम्या घरांतून लूट गोळा करत, गवतात पडून, कुणाच्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकत बसायचा. हेडफोनच्या डाव्या कानात पाऊल वाजलं की पोटात गोळा यायचा. ते वाट बघणं ज्याने रचलं तो हुशार माणूस. गेममधल्या पोचिंकी गावाचं रशियन वळणाचं नाव सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांच्या तोंडी सत्तर फूट रोडइतकं सहज बसलं. एका स्क्वॉडमधला एक तेलुगूत ओरडतोय, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा दखनीत शिव्या घालतोय आणि मागून कुणाच्या तरी घरातल्या यंत्रमागाची खडखड माइकमधून चौघांच्याही कानात, असे सामने मी ऐकलेत. दोषही होते. सुरुवातीच्या पायऱ्यांवर निम्मे शत्रू बॉट, म्हणजे यंत्रानेच चालवलेले असायचे, त्यांना मारून मिळालेल्या 'चिकन डिनर'ने, म्हणजे विजयाने, नवख्याचा उगाच ऊर भरून यायचा. आणि बंदुकीला नवा रंग लावायला पैसे मोजायचे, ही सवय या गेमनेच लावली.

२ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला. कारण खेळात नव्हतं, गलवानच्या सीमेवर चीनशी झालेल्या चकमकीत होतं. आणि तिथून आपल्याकडच्या गेमांवरच्या मतांना एक विचित्र वळण लागलं. चांगला-वाईट हा प्रश्न मागे पडला, आपला की परका हा पुढे आला.

'फौजी' हा गेम त्याचं पहिलं पीक. बंगळुरूच्या कंपनीने २६ जानेवारी २०२१ चा मुहूर्त धरला, चाळीस लाखांवर लोकांनी आधीच नावनोंदणी केली. गेम उघडल्यावर कळलं की एकट्यानेच खेळायचं आहे, गलवानच्या खोऱ्यात एका वाटेने चालायचं आहे, हाताने किंवा दांडक्याने माणसं बडवायची आहेत, आणि शेकोटीजवळ बसलं की जीव भरून येतो. मांडव गावभर आणि पंगतीला नुसता भात, असा प्रकार. प्ले स्टोअरवर तारे भराभर उतरले. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्यांनी खरी उणीव दाखवली त्यांना देशप्रेमाचे धडे मिळाले. गेम वाईट होता, एवढंच म्हणायचं होतं. जवानांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मधल्या काळात मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या पोरांनी फ्री फायर धरला होता, कारण तो साध्या फोनवरही चालायचा आणि सामना दहा मिनिटांत संपायचा. शहरातली पबजीवाली पोरं त्याला हसायची. हे हसणं निव्वळ फोनच्या किमतीचं होतं. फ्री फायर बटबटीत होता, पण कमी ताकदीच्या यंत्रावर वेगवान खेळ कसा बसवावा हे त्याच्याकडून शिकण्यासारखं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोही गेला. पबजी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय होऊन परतला होता, रक्त हिरवं करून आणि अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून. पुढच्या जुलैत पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. एवढ्या ये-जा करूनही पोरं तिथेच परतली, हीच त्याची खरी समीक्षा.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' १६ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्याच्याकडून आशा होती. कोटीच्या वर नोंदणी झालेली. सिंधू संस्कृती आजवर टिकून पुढे गेली असती तर कशी दिसली असती, या कल्पनेवर विरलोक नावाचं बेट उभं केलंय. शिवाय शेवटी 'कॉस्मियम' ताब्यात घेऊनही जिंकता येतं, ही चाल मला फार आवडली, कारण त्यामुळे कोपऱ्यात लपून बसणाऱ्या कॅम्परला शेवटी बाहेर यावंच लागतं. पण कल्पनेइतकं प्रेम खेळण्याच्या स्पर्शावर झालेलं नाही. बंदूक झाडल्यावर ती हातात जाणवत नाही, आणि ज्या स्वस्त फोनांच्या जिवावर हा बाजार उभा आहे तिथेच तो अडखळतो. माझ्या भाच्याने दोन दिवसांत निकाल दिला, "दिसायला एक नंबर, पण लै लॅग मारतंय बे." परीक्षण म्हणून हे वाक्य मला तरी पुरेसं वाटलं.

पुण्यातूनच आलेला, पण वेगळ्या जातकुळीचा गेम म्हणजे 'राजी'. आपल्याकडे बनलेल्या गेमांत बारकाईने चर्चा करावी असा हाच. नॉडिंग हेड्स ही छोटी मंडळी. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम निंटेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर आला, आणि जगातल्या सगळ्यात गाजणाऱ्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. राजी ही सर्कशीतली मुलगी, तिचा भाऊ गोलू असुर पळवून नेतात, ती दुर्गेचं त्रिशूळ घेऊन शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत गोष्ट सांगतात, अधूनमधून एकमेकांची फिरकी घेतात. गढ्या, छज्जे, पाण्यातली कमळं, भिंतींवरची चित्रं हे सगळं इतक्या निगुतीने केलंय की मी कितीदा तरी लढायचं सोडून नुसता थांबलो. मधली गोष्ट कळसूत्री सावल्यांतून येते, तीही सुरेख.

मग लढाई सुरू होते आणि गडबड होते. राजी खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून धावत उलटी उडी मारते. कागदावर सर्कशीतल्या मुलीला हे शोभणारंच आहे. प्रत्यक्षात कॅमेरा लांब राहतो, राक्षसाचा वार कधी येतोय ते नीट दिसत नाही, आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर ती ज्या दिशेने जाते ती दरवेळी तुमची नसते. चार-पाच तासांत गेम संपतो. संपतो म्हणजे मध्येच थांबतो, भाऊ हाती लागलेलाच नसतो. परदेशी समीक्षकांनी हेच दोष दाखवले, तेव्हा आपल्याकडे काहींनी 'त्यांना आपली संस्कृती कळत नाही' असा सूर लावला. संस्कृती त्यांना कळली होती, उलट तिचंच त्यांनी कौतुक केलं होतं. त्यांना कॅमेरा पटला नव्हता. माझे राजीला दहापैकी सहा गुण, आणि त्यातले पाच चित्रकारांचे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, ते ऐकून संवाद जिवंत झाल्यासारखे वाटले. मराठीत मात्र नाही. पुण्यात बनलेला गेम मराठी बोलत नाही याचं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

मुंबईवरचा सर्वांत चांगला गेम तर डेन्मार्कमध्ये बनला. 'हिटमॅन २' नोव्हेंबर २०१८ चा, त्यातला एक अख्खा भाग मुंबईत घडतो. टकला मारेकरी न्हावी बनतो, शिंपी बनतो, सिनेमाच्या सेटवर घुसतो. तुम्ही न्हाव्याच्या वेशात उभे असता, सावज स्वतः चालत येऊन खुर्चीत बसतं आणि वस्तरा तुमच्या हातात असतो. गर्दी खचाखच, माणसं इंग्रजीत बोलतात, गरिबी थोडी शोभेची केलेली आहे. तरी ज्या गल्लीतून जिन्याने वर, वरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून दुसऱ्याच्या घरात जाता येतं, ती रचना कुणीतरी मुंबईत हिंडून नीट पाहिलेली आहे.

क्रिकेटचं सांगायचं तर लाज वाटते. क्रिकेटपटू पॉली उम्रीगरांच्या जन्मगावात, म्हणजे आमच्या सोलापुरात, अजूनही पोरं २००६ सालचा 'क्रिकेट ०७' खेळतात, हौशी मंडळींनी नव्या आयपीएलच्या जर्सी चढवलेला. ऑक्टोबर २०२३ चा 'क्रिकेट २४' महाग आणि चुकांनी भरलेला. मोबाइलवर पुण्याच्या नॉटिलसचा 'रिअल क्रिकेट' त्यापेक्षा सरस आहे, फलंदाजीची वेळ साधण्यात खरी गंमत आहे. २०२५ मध्ये तो स्टुडिओ बीजीएमआयवाल्याच क्राफ्टनने घेतला.

बाकी जगाचं भराभर उरकतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला की सोनीने आठवड्याभरात दुकानातून काढला. २०२३ पर्यंत तो दुरुस्त झाला आणि आता खरोखर चांगला आहे, पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला फसवलंच. 'एल्डन रिंग' शंभरदा मारतो आणि एकदाही अन्याय केल्यासारखं वाटू देत नाही. 'बाल्डर्स गेट ३' मला या सात वर्षांतला सर्वोत्तम वाटतो, तो खेळायला कादंबरी वाचण्याइतकं चांगलं इंग्रजी लागतं ही त्याची आपल्याकडची अडचण. 'कॉनकॉर्ड' दोन आठवड्यांत बंद पडला, त्यावर शाई घालवत नाही. चीनचा 'ब्लॅक मिथ: वुकाँग' ऑगस्ट २०२४ मध्ये तीन दिवसांत कोटीभर खपला. त्यातल्या वानराची मूळ कथा ज्या भिक्षूच्या प्रवासावरून आली, तो ह्युएन त्सांग पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांबद्दल लिहून गेलाय. साधनं आपल्याकडेही कमी नाहीत, एवढंच सुचवतो. पण १३० जीबीचा तो गेम उतरवून घ्यायला इथल्या साध्या जोडणीवर किती रात्री जातील, आणि त्याची प्लेस्टेशनवरची किंमत कुणाच्या खिशाला झेपेल, हे कुठल्याच परदेशी परीक्षणात नसतं.

पत्त्यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 'बलात्रो' हा २०२४ चा गेम कॅनडातल्या एकट्या माणसाने बनवला. पोकरचे हात लावायचे, जोकर जमवायचे, गुण फुगवत न्यायचे. मेंढीकोट खेळत वाढलेल्या कुणालाही तो अर्ध्या तासात चढेल. त्यात दमडीचाही जुगार नाही, तरी युरोपात त्याला आधी 'फक्त प्रौढांसाठी' ठरवलं, २०२५ मध्ये ते बारा वर्षांवर आणलं. आणि आपल्याकडे त्याच काळात खऱ्या पैशांच्या रमीच्या जाहिराती नटमंडळी करत होती. जुलै २०२५ मध्ये तर राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. विनोदी लेखकाला हे सुचलं नसतं. ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते योग्यच झालं. कारण तिथे समीक्षा करण्यासारखं काही नव्हतंच.

'गेम अवॉर्ड्स'चं २०२५ चं सर्वोच्च पारितोषिक 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३' ने नेलं. दरवर्षी एक चित्रकर्ती खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात, अशी त्याची गोष्ट. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग या सगळ्या वर्षांतला मला सर्वांत हलवून गेलेला. हे बनवणारे तीसेक लोक फ्रान्समधल्या मोंपेलिए गावचे. त्या गावाची वस्ती तीन लाखांच्या आसपास. सोलापूरची २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. इथली संगणक शिकलेली पोरं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठतात, त्यातली काही आज हेच काम करत असतील.

तेव्हा वाचकांना एक विनंती. 'राजी' अजून विकत मिळतो, सेलमध्ये तर स्वस्तात. चार-पाच तास काढून खेळा. मग नुसतं भारी किंवा बंडल म्हणून सोडू नका. कोणत्या यंत्रावर खेळलात, कुठे अडकलात, कोणत्या भिंतीपाशी थांबलात ते मराठीत लिहा आणि स्टुडिओला पाठवा. बनवणारे पुण्यातच बसलेत, मराठी वाचणारं कुणीतरी तिथे असणारच.