गाडीत पाणी येतं कुठून?

मैत्रिणींनो, इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली कापडी टपाची एमजीबी दिसायला मोठी देखणी. पण पाऊस लागला की पायाखालचा गालिचा ओलाचिंब! लगेच टपाला दोष देऊ नका. पुढच्या काचेखाली हवा घेणारी जाळी असते. तिच्याखालची रबरी नळी पालापाचोळ्यानं तुंबली, की पाणी हीटरमधून आत येतं. ती आधी साफ करा. तरी गळतंय? मग एकीनं टॉर्च घेऊन आत बसावं, दुसरीनं बाहेरून खालून वर हळूहळू पाणी सोडावं. गळती नेमकी सापडते. गालिचा मात्र उचलून खडखडीत वाळवाच. या गाडीला वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा गंजला, तर गाडीचा कणाच गेला म्हणायचा!