हाडाला भोक पाडताना

अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होडीची दुरुस्ती चाललेली आपण पाहिली असेल. सुतार फळीला विजेच्या ड्रिलने भोक पाडतो. बिटाला धार असली की भुसा सुटा पडतो आणि काम झटपट होते. धार गेली असली की सुतार जोर लावतो, लाकूड काळवंडते, जळका वास येतो. असे का व्हावे? धारदार बिट कापते, बोथट बिट घासते; आणि घासण्यात खर्ची पडलेल्या शक्तीची उष्णता होते.

हेच शास्त्र दातांच्या दवाखान्यातही लागू पडते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढवतात. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी हा उपाय १९६५ साली प्रथम रुग्णावर केला. टिटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे त्याचे मर्म. पण स्क्रूसाठी आधी भोक पाडायला हवे, आणि हाड म्हणजे काही होडीची फळी नव्हे. ते जिवंत असते!

१९८३ मध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले, की ४७ अंश सेल्सियस उष्णता एक मिनिट टिकली तरी हाडाला इजा पोचते. शरीराची उष्णता ३७ अंश. म्हणजे हाताशी उरले अवघे दहा अंश. आपला चहा याहून कितीतरी गरम असतो. भाजलेले हाड धातूला धरत नाही. मध्ये मऊ तंतूंचा थर येतो आणि स्क्रू हलू लागतो. भूल दिलेली असल्याने रुग्णाला त्या वेळी काहीच जाणवत नाही. दोष उघड होतो तो पुढे काही आठवड्यांनी.

यावर उपाय काय? डॉक्टर आधी बारीक, मग क्रमाने जाड बिट वापरून भोक रुंद करतात. बिट दाबून न धरता वर-खाली घेतात, म्हणजे चुरा बाहेर निघतो. वरून निर्जंतुक सलाइनची धार सोडतात. खालच्या जबड्याचे पुढचे हाड बहुधा फार घट्ट असते, तिथे अधिकच जपावे लागते.

तरीही बिट बोथट असेल तर ही सारी काळजी अपुरी पडते. घट्ट हाडात ते लवकर झिजते, आणि ती झीज नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून प्रत्येक बिट किती वेळा वापरले याची नोंद ठेवून ते वेळीच बदलावे लागते.

आपल्यावर असा प्रसंग आला तर ‘डॉक्टर, बिट किती वेळा वापरलेले आहे?’ असे विचारायला संकोच करू नका. सुताराला आपण धार विचारतोच ना?