खापरचा कॅमेरा सुरतेत का दिसत नाही?

समजा, खापर गावातलं दुकान बंद करून मालक चार दिवस सुरतेला मुलाकडे गेलाय. तिथून दुकानातला कॅमेरा मोबाइलवर बघायचाय. भाच्याने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलंय, तरी पडदा काळाच. पहिला संशय नेटवाल्यावर: घरी सर्व्हर चालवायला यांची बंदी असणार.

अटींच्या कागदात असं कलम अनेकदा असतं. जोडणी घरापुरती, नेट दुसऱ्याला विकायचं नाही, धंद्याचा सर्व्हर चालवायचा नाही. पण कॅमेरा अडतो तो बहुधा पत्त्यांच्या टंचाईमुळे.

जुन्या आयपीव्ही ४ पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपनिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. जुना एसटीडी बूथ आठवा. तिथून कुणीही बाहेर फोन लावायचा. बाहेरून घंटी वाजली तर ती कुणासाठी, हे बूथवाल्याला कळणार कसं? भाच्याने दुकानाचं दार उघडलं खरं, पण अडसर त्याच्याही पुढे, कंपनीकडे आहे.

राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही बूथमध्ये आहात. २०१२ मध्ये हा पट्टा याच कामासाठी राखला गेला.

व्हीपीएनलाही, म्हणजे दोन जागांमधल्या खाजगी बोगद्यालाही, हाच न्याय. दुकानातून बाहेरच्या व्हीपीएनला जोडणं म्हणजे बाहेर लावलेला फोन, तो लागतो. दुकानातच व्हीपीएन सर्व्हर मांडून सुरतेतून आत यायचं म्हटलं, की पुन्हा तीच भिंत. कायद्याची भीती इथे नाहक घातली जाते. भारतात व्हीपीएन वापरणं सरसकट बेकायदा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगतो, तो लोकांना सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांना. त्यावरून एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले. स्वतःच्या दुकानात डोकावणारा दुकानदार त्यात येत नाही.

मग वाट कोणती? जादा पैसे भरून स्थिर आयपी मागता येतो. नेटवाला आयपीव्ही ६ देत असेल, तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. मात्र राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा) आणि सुरतेतलं नेट तिघांनाही ते जमायला हवं. तिसरी वाट सगळ्यांत सोपी: डीव्हीआरनेच बाहेर फोन लावून ठेवायचा. कॅमेरा कंपन्यांची ॲप याच युक्तीवर चालतात, फक्त ओळख त्यांच्या सर्व्हरमार्फत पटते. तो मध्यस्थ नको असेल, तर बाहेर भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन दुकानातून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढायचा आणि सुरतेचा मोबाइलही त्यालाच जोडायचा.

स्थिर आयपी घेतलात, तर त्याच संध्याकाळी डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. आता ती घंटी जगातून कुणालाही वाजवता येते.