गाडीची शेड, कामाची खोली

शेड उभी करून झाली त्या संध्याकाळी फॅब्रिकेटरच्या दोन पोरांनी मधल्या आडव्या पाइपला लटकून दाखवलं. "दोघं लोंबकळलो तरी ढिम्म हलत नाही बघा, काका!" मीही खांबाला हात घालून जोर करून पाहिला आणि समाधानाने उरलेले पैसे दिले. ही २०१८ सालची गोष्ट. दहा फूट बाय वीस फुटांची तयार शेड होती. सहा खांब, प्रत्येकाच्या तळाशी लोखंडी बेस प्लेट, प्लेटा चार इंची कोब्यात बोल्टने आवळलेल्या, वर निळा कलर कोटेड पत्रा. सगळे भाग कारखान्यातून कापून, भोकं पाडून आले होते. दीड दिवसात काम संपलं आणि मोटार सावलीला गेली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धनपासून मंडणगड, दापोलीपर्यंत सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली. आमच्या दापोलीच्या अंगणात शेडचे पश्चिमेकडचे तीन खांब कोब्याच्या ढेकळांसकट उपटले गेले आणि अख्खी शेड पूर्वेकडे कलंडली. दुसऱ्या दिवशी मी ती नीट न्याहाळली. एकही पाइप वाकला नव्हता, एकही वेल्डिंग सुटलं नव्हतं. सुटली होती ती फक्त जमीन.

मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. तरी ती साधी गोष्ट मला तेव्हा उमगली. पाइपला लटकलेली पोरं शेडला खाली ओढत होती आणि वारा तिला वर ओढतो. खालच्या ओढीची परीक्षा पास झालेल्या शेडची वरच्या ओढीची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती.

हिशेब फार अवघड नाही. वाऱ्याचा मीटर-प्रतिसेकंद वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर येतं ते दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, पुण्यासाठी ३९ आणि मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद हा पायाभूत वेग धरायला सांगतं. ३९ चा दाब येतो चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, ४४ चा ११८ किलो. म्हणजे वेग तेरा टक्क्यांनी वाढला की दाब सत्तावीस टक्क्यांनी वाढतो. समुद्र जवळ म्हणून मी ४४ धरला. माझ्या छपराचं क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटरच्या आसपास. त्यावरच्या पत्र्याचं सगळं वजन शंभर किलोच्या आतबाहेर आणि वाऱ्याचा हिशेब जातो दोन टनांच्या वर. पत्र्याचं छप्पर जमिनीवर वजनाने बसलेलं नसतं. ते पायाने धरून ठेवावं लागतं.

कलंडलेली शेड भंगारात द्यावी असं घरच्यांचं म्हणणं होतं. माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. माझे वडील शाळेत हस्तव्यवसायाचे शिक्षक होते. त्यांची हत्यारांची पेटी पडवीत पडून होती. रंधे, पटाश्या, गिरमिट, कानशी, बिडाचा एक जड शेगडा. दर श्रावणात त्यांच्यावर तांबूस थर चढायचा आणि दर दिवाळीला मी तो घासून काढायचो. घासताना दरवेळी थोडं पोलाद जातं. पटाशीची पाठ एकदा गंजाने खड्ड्याखड्ड्यांची झाली की तिला पुन्हा आरशासारखी धार येत नाही. या हत्यारांना आणि मला एक बंद, कोरडी खोली हवी होती. शेडचा सांगाडा धडधाकट होता. ठरवलं, हिचीच कामाची खोली करायची.

उघडी शेड बंद करायची म्हणजे खांबांवर पत्रे ठोकायचे, असं बहुतेकांना वाटतं आणि नेमकं तिथेच घात होतो. उघड्या शेडखालून वारा निघून जातो. भिंती आल्या की त्याला अडायला जागा मिळते. वीस फूट लांब, नऊ फूट उंच बाजूवर त्याच ४४ मीटरच्या वेगाने जवळजवळ दोन टनांचा आडवा रेटा येतो. जे खांब फक्त छप्पर तोलायला केलेले असतात, त्यांना आता भिंतही सांभाळायची असते. त्यात समोरचं शटर वादळात उघडं राहिलं तर वारा आत शिरतो, फुग्यासारखा छपराला आतून वर ढकलतो आणि बाहेरून जाणारा वारा त्याच छपराला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेचे. मी छपराच्या बाहेरच्या ओढीसाठी १ आणि आतल्या दाबासाठी मानकातला मोठ्या उघड्या भागाचा ०.७ हा गुणक धरला, तेव्हा आकडा पावणेचार टनांजवळ गेला. चार इंची कोब्याने याला काय दाद द्यावी?

म्हणून काम जमिनीपासून सुरू केलं. सांगाडा सोडवून बाजूला ठेवला आणि सहा खड्डे खणले, प्रत्येकी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल. जांभ्याच्या कातळात पहारीने तेवढं खणायला दोन माणसांना चार दिवस लागले. खड्ड्यात सळईची जाळी, तळाशी आकड्यासारखे वळवलेले जे-बोल्ट, आणि काँक्रीट. अशा एका ठोकळ्याचं वजन साधारण आठशे किलो भरतं, सहांचं पावणेपाच टन. पावणेचार टनांच्या ओढीपुढे मला एवढा दिलासा पुरेसा वाटला. तरी हिशेब स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवला. त्यांनी पाया तसाच ठेवला, पण दोन गोष्टी वाढवल्या. भिंतीच्या चौकटींत तिरके पाइप घालायला सांगितले, कारण चौकोन ढकलला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही. शटरच्या बाजूला तिरका पाइप वाट अडवतो, म्हणून तिथे खांब आणि तुळईच्या कोनात जाड प्लेटांचे टेकू वेल्ड केले.

उघडी शेड आणि चारी बाजूंनी बंद खोली यांचा बांधकाम नियमांतही वेगळा हिशेब असतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत आधी विचारणं हेच बरं. नंतरच्या चकरांपेक्षा ते फार स्वस्त पडतं.

भिंतींबद्दल मी बराच विचार केला. पत्रा थेट जमिनीपर्यंत न्यायचा मोह होतो, कारण काम झटपट होतं. पण दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून दोन फुटांपर्यंत उडतं आणि पत्र्याची खालची कड कायम ओल्या मातीत राहते. म्हणून खाली तीन फूट जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत घेतली आणि तिच्यावर पत्रा. चिऱ्यांना स्वतःचा पाया दिला, खांबांवर त्यांचा भार नाही. चिऱ्यांच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी आणि पत्रा तिच्यावरून अर्धा इंच उचललेला. हे अर्धं इंच महत्त्वाचं आहे. आजकालच्या पत्र्यांवर ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्र मुलामा असतो. ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. गवंड्याने पत्र्याच्या कडा सिमेंटने लिंपून 'पॅक' केल्या की तो पत्रा तिथूनच आधी जातो.

मुलाम्याची गोष्ट सांगायलाच हवी. नळीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये घेतलं. पातळ पत्र्याला लाटा दिल्या की तो ताठ होतो, एवढीच ती कल्पना. पण तो पत्रा गंजायचा. १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर देण्याचं पेटंट घेतलं आणि मग हे छप्पर जगभर गेलं. जस्त नुसतं झाकत नाही. ओरखडा पडला तर लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजतं आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला वाचवतं. म्हणून पत्रा कापायचा कसा याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे सर्रास कटर मशीन लावतात. तिच्या ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो आणि पत्र्यावर उडालेले लोखंडाचे गरम कण तिथेच चिकटतात. पहिल्या पावसात त्या जागी लाल ठिपके उमटतात आणि लोक म्हणतात, पत्रा खराब निघाला. मी कातरीने कापून घेतलं. कारागीर कुरकुरले, कारण वेळ दुप्पट लागला. भोकं पाडताना पडलेला कीसही रोज संध्याकाळी ब्रशने झाडून घेतला.

छपराचे स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारले, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. भिंतीचे स्क्रू खोलगट भागात, पत्रा पाइपला घट्ट टेकतो म्हणून. छपराच्या कडांना आणि चारी कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे एकाऐवजी दोन स्क्रू. वादळात पत्रा सोलायला सुरुवात होते ती बहुधा कोपऱ्यातून.

खोली बंद झाली आणि पहिल्याच जानेवारीत सकाळी आतून पाऊस पडला. बाहेर आकाश निरभ्र आणि आत छपरातून टपटप थेंब. पत्र्याला घाम फुटला होता. हवेचं तापमान २० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साडेसतरा अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमतं. स्वच्छ रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड होतो. दापोलीची थंडी कोकणात नावाजलेली, तेव्हा हे रोजचंच. उघड्या शेडमध्ये ओलावा वाऱ्यावर निघून जायचा, आता तो कोंडला होता. खरं म्हणजे छप्पर घालतानाच पत्र्याखाली थर द्यायला हवा होता. मी तो नंतर, सगळे स्क्रू पुन्हा काढून दिला. दोन्हीकडून चकचकीत असलेली बबल शीट, पत्र्यापासून एक इंच अंतर सोडून, सांधे टेपने बंद करून. ते अंतर नसेल तर चकाकीचा उपयोग शून्य, कारण मग उष्णता स्पर्शाने थेट उतरते. त्याच थराने एप्रिलची दुपारही सुसह्य झाली. थर्मोकोल स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण तो चिकटवतात. जिथे वेल्डिंगची ठिणगी उडणार, तिथे उघडा थर्मोकोल लावू नये, हे मी हात जोडून सांगतो. त्याला आग फार पटकन लागते आणि धूर घातक असतो.

हवा खेळायला दोन्ही टोकांना छपराच्या त्रिकोणात जाळीच्या झडपा आणि चिऱ्यांच्या भिंतीत खाली चार झरोके ठेवले. गरम हवा वरून जाते, थंड खालून येते. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला नारळाची झापं बांधत, ती पाऊस अडवायची आणि वारा थोडा आत सोडायची. झरोके ठेवताना मला तीच आठवत होती.

पण पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते, तिथे झडपा काय करणार? आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की उघडं पोलाद भराभर गंजू लागतं आणि जुलैत ती त्याच्या खाली क्वचित येते. पूर्ण खोली कोरडी ठेवणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून फक्त कपाट कोरडं ठेवलं. घट्ट दारांचं लाकडी कपाट, तळाशी जाळीत एक छोटा पिवळा बल्ब, त्याच्या आसपास रिकामी जागा. २६ अंशांची ९५ टक्के आर्द्र हवा ३२ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ७० च्या खाली येते. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची ते सामावून घेण्याची ताकद वाढते. आतली हत्यारं पातळ तेलाच्या फडक्याने पुसून ठेवतो. गेले तीन श्रावण वडिलांच्या पटाश्या मी घासलेल्या नाहीत.

विजेत काटकसर केली नाही. पत्र्याच्या खोलीत सगळंच लोखंड, एक वायर सोलवटली तर खांबापासून शटरपर्यंत सगळ्यात करंट. घरातून वेगळी लाइन, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, सांगाडा दोन ठिकाणी अर्थिंगला जोडलेला, पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर पाइपातून. आरसीसीबीचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबतो.

शटर आठ फूट रुंद घेतलं, म्हणजे आठ बाय चारचं प्लायवूड आडवं आत येतं. कामाचं टेबल उत्तरेच्या खिडकीखाली, तिथे दिवसभर सारखा, सावली न हलवणारा उजेड असतो. शेगडा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, वडील बसवायचे तसाच. त्याचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा असं ते सांगत. कानस चालवताना खांदा उचलावा लागत नाही आणि तासाभराने पाठ धरत नाही. मुसळधार पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही, त्याला उपाय मला सापडला नाही. तेव्हा मी धार लावण्याची कामं करतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिडी लावून वर चढतो. प्रत्येक स्क्रू हाताने तपासतो, पन्हळीतला पाला काढतो, बेस प्लेटच्या नटांवर पाना फिरवतो. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात आणि मग पाणी तिथूनच आत येतं. यंदा अकरा वॉशर बदलले. सगळे दक्षिणेकडच्या उताराचे निघाले, म्हणून पुढच्या मे महिन्यासाठी मूठभर वॉशर आधीच आणून कपाटात ठेवले आहेत, बल्बपासून जरा लांब.