न आलेल्या रुग्णाची नोंद

वडिलांच्या औषधपाण्याचे सगळे कागद आई एका कापडी पिशवीत ठेवत असे. ते ज्या दवाखान्यात जात तिथेही त्यांची फाइल होती. प्रत्येक भेटीचा रक्तदाब तीत नीट लिहिलेला होता. एका उन्हाळ्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि दवाखान्यात जाणेही थांबवले. आठ महिन्यांनी अर्धांगवायूचा झटका आला. पुढे ती फाइल मी पाहिली. लिहिलेल्यात चूक कुठेच नव्हती. शेवटच्या नोंदीखाली मात्र कोरी जागा होती, आणि आठ महिन्यांत तिच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

मी डॉक्टर नाही. पण त्या कोऱ्या जागेमुळे वैद्यकीय नोंदींविषयी जे मिळेल ते वाचू लागलो.

तापाने फणफणलेला माणूस आपल्या पायाने दवाखाना गाठतो. रक्तदाब आणि मधुमेह बहुधा वर्षानुवर्षे दुखत नाहीत, म्हणून त्यांचा रुग्ण हळूच गळून जातो. कागदी फाइल रुग्ण आला की उघडते. तो आला नाही तर कपाटातच राहते. संगणकीय नोंदीचा खरा उपयोग इथे आहे. हजारो नोंदी एकदम चाळून ‘तीन महिन्यांत कोण आलेच नाही?’ हा प्रश्न तिला विचारता येतो.

उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने हा प्रश्न विचारला. निदान, औषधवाटप आणि इस्पितळातील भरती यांच्या नोंदी जुळवून तिने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची एकच नोंदवही उभी केली. २००१ मध्ये तीत सुमारे साडेतीन लाख नावे होती, २००९ मध्ये साडेसहा लाख. या काळात रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. देशाची सरासरी ५५ वरून ६४ वर आली होती. हे काम एकट्या संगणकाचे नव्हते. प्रत्येक केंद्राचा निकाल दर एक ते तीन महिन्यांनी काढला जाई, उपचाराची पद्धत ठरलेली होती, दोन औषधे एकाच गोळीत दिली जात, आणि रक्तदाब मोजायला सहायकाकडे गेल्यास वेगळे पैसे पडत नसत. नोंदवहीने कोणाकडे पाहायचे ते दाखवले, पाहिले माणसांनी.

या हिशेबात एक मेख आहे. समजा, एका केंद्रात १०० रुग्ण नोंदले आहेत. त्यांतले ४० आले आणि ३० जणांचा रक्तदाब आटोक्यात निघाला. आलेल्यांवर मोजले तर यश ७५ टक्के, नोंदलेल्यांवर मोजले तर ३०. माझे वडील पहिल्या हिशेबात नसतातच.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हा दुसरा हिशेब धरला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाली. कुठे कागदी उपचारकार्डे वापरली गेली, कुठे मोबाइलवरचे ‘सिंपल’ हे अ‍ॅप. तारीख उलटलेल्या रुग्णांची यादी अ‍ॅप दाखवते. मग परिचारिका फोन लावते. पण गोळ्या केंद्रात शिल्लक नसतील, तर त्या फोनला अर्थ उरत नाही. म्हणून औषधपुरवठा हाही या उपक्रमाचा एक आधारस्तंभ मानला गेला.

संशोधनालाही याच नोंदी उपयोगी पडतात. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले, ते हृदयविकाराचा धोका एका चाचणीत दिसल्यामुळे. कैसरच्याच सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रोजच्या वापरातही धोका होता आणि मोठ्या मात्रेत तो अधिक होता, असे त्यात दिसले. तरी अशा नोंदी उपचारासाठी लिहिलेल्या असतात, अभ्यासासाठी नव्हे. जो खासगी दवाखान्यात गेला, ज्याने फोनचा क्रमांक बदलला, जी ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून गेली, ते सगळे त्यांतून निसटतात. संशोधकाने निष्कर्षाआधी ही गैरहजेरी मोजायला हवी.

सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर राबवले जात आहे. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने, रुग्णाच्या संमतीने, वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जोडायच्या असा तिचा बेत आहे. आईची पिशवी त्यामुळे हलकी होईल, आणि ते थोडके नाही. संमती समजावून घेतली जावी आणि आजाराची माहिती भलत्या हाती पडू नये, हा आग्रह मात्र आपण सोडू नये. त्याबरोबर आणखी एक विचारावे: न आलेल्यांची यादी रोज सकाळी कोण उघडते, आणि फोन लावायला त्या माणसाकडे वेळ आहे का?

वडिलांच्या बाबतीत त्या आठ महिन्यांत असा एक फोन पुरला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण तो कोणी करायचा, हे तिथे कधी ठरलेलेच नव्हते.